अंगणातला ट्रॅक्टर

पुढच्या पेशंटला आत घ्यायला त्याने स्वतःच दार उघडलं आणि बाहेरच्या बाकाच्या टोकाला वहिनी बसलेली दिसली. मांडीवर कापडी पिशवी, उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, पाठ ताठ. दुसऱ्याच्या घरी टेकून बसू नये असं लहानपणी शिकवलेलं माणूस जसं बसतं तशी. हिला काय झालं, हा विचार त्याच्या मनात नंतर आला. आधी आला तो, हिला कुणी कुणी पाहिलं, हा. दात पांढरे करून घ्यायला आलेली एक वकीलबाई तिच्यापासून जरा सरकून बसली होती आणि मधली रिकामी जागा वहिनीपेक्षा जास्त डोळ्यांत भरत होती. ही माझ्या सख्ख्या चुलतभावाची बायको, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण जीभ टाळ्याला चिकटली. "त्या बाईंना आधी घ्या," तो मदतनीस बाईला म्हणाला, "सूज दिसतेय." वहिनी उठली. तिने त्याला हाक मारली नाही, ओळखही दाखवली नाही. तिला सगळं कळलं होतं. वकीलबाई म्हणाली, "किती करता हो तुम्ही अशा लोकांसाठी." त्याला बरं वाटलं.

गरिबी तोंडात दिसते, असं त्याचं ठाम मत होतं. सरकार उगाच माणसं पाठवतं, घराघरात शिरून छप्पर बघतं, भांडी मोजतं, गोठ्यात डोकावतं. त्यापेक्षा सगळ्यांना एका रांगेत उभं करून 'आ करा' म्हणावं. खरा गरीब कोण आणि सोंगाडा कोण ते दोन दिवसांत निवडून देतो, असं तो सकाळी बॅडमिंटन झाल्यावर मित्रांना सांगायचा. मित्र हसायचे, घाम पुसायचे आणि मग सगळे मिळून फुकट्यांवर घसरायचे. फुकट धान्य, फुकट औषध, फुकट शिलाई मशीन. कामाला माणूस मिळत नाही, कारण माणूस घरी बसून आपल्या करावर ढेकर देतोय. त्यातला एक बिल्डर होता, एक कस्टममधला साहेब. दोघांचे दात त्यानेच दुरुस्त केले होते आणि कुणाच्या तोंडात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते तो बोलत नसे. माणसांबद्दल त्याला एक कोरडी किळस होती. दिवसभर तोंडं बघणाऱ्याला ती होतेच, असं तो समजायचा. त्या किळसेला तो अनुभव म्हणत असे.

वहिनीने आ केला. वरच्या दिव्याच्या उजेडात त्याला तिच्या तोंडाचं मागचं अंगण दिसलं. उजवीकडच्या दाढांपैकी एक पू धरलेली होती आणि डावीकडे दाढाच नव्हत्या, नुसत्या गुळगुळीत हिरड्या. "या कधी काढल्या?" त्याने आरसा बाजूला घेऊन विचारलं. "काढल्या नाहीत. हलायला लागल्या, पडल्या," ती म्हणाली. घरात दातांचा डॉक्टर असून ही बाई इतकी वर्षं एका बाजूने चावत राहिली, या गोष्टीचा त्याला राग आला. तो राग त्याने लगेच तिच्याच खात्यावर टाकला. यांना आरोग्याची पर्वाच नसते. अंगावर आल्याशिवाय येणार नाहीत, आणि येतील तेव्हा गाल भोपळ्याएवढा करून येतील. त्याने भुलीचं इंजेक्शन दिलं आणि ओठ जड होईपर्यंत थांबायचं म्हणून हातमोजे काढून उभा राहिला. मदतनीस बाई उपकरणं उकळायला मागच्या खोलीत गेली होती. तेव्हा वहिनी बोलली. अर्धा ओठ मेला होता. 'प' आणि 'म' म्हणताना तो मिटत नव्हता, त्यामुळे ती जे बोलत होती ते एखाद्या लहान मुलाचं किंवा दारुड्याचं बोलणं वाटत होतं.

"भाऊजी, आमचं नाव काढलं."

"कशातून?"

"सगळ्यातून. धान्याच्या यादीतून काढलं, दवाखान्याच्या कार्डातूनही काढलं. अंगणात ट्रॅक्टर आहे म्हणून. ट्रॅक्टरवाला गरीब कसा, म्हणाले."

 खुर्चीशेजारच्या छोट्या बेसिनमध्ये पाणी गोल फिरत होतं, ते तो बघत राहिला.

"ह्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय. हृदयाची झडप बदलायची. कार्ड नसलं की तारीखही जाते. मंगळवारी तपासनीस बाई फेरतपासणीला येणार आहेत. तुम्ही नुसतं येऊन सांगा, ट्रॅक्टर तुमचा आहे म्हणून. दुसरं काही नको."

"जरा मोठा आ करा," तो म्हणाला.

दाढ काढायला फार जोर लागला नाही. मुळं किडून गेली होती. पण त्याने उगाच वेळ लावला. जोवर पकड तिच्या तोंडात होती तोवर ती बोलू शकत नव्हती आणि तोवर त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. तिचे डोळे मात्र उघडे होते. पेशंट डोळे मिटून घेतात. वहिनीने मिटले नाहीत. त्या दोन डोळ्यांनी ती वरच्या दिव्याकडे बघत होती की त्याच्याकडे, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगून त्याने तिला वाटेला लावलं. "बघतो," एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. पुढच्या वकीलबाईचे दात घासताना त्याच्या लक्षात आलं की दादाची तब्येत कशी आहे, हे आपण विचारलंच नाही. पण विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

ट्रॅक्टर त्याचाच होता. आजोबांची जमीन, तिचे दोन हिस्से. एक दादाच्या वडिलांकडून दादाकडे आला, दुसरा त्याच्या वडिलांकडून त्याच्याकडे. कसायचा दोन्ही दादाच. त्याने स्वतः त्या मातीत शेवटचं पाऊल कधी ठेवलं होतं ते सांगता आलं नसतं, म्हणजे फोटोचा प्रसंग सोडला तर. तो प्रसंग त्याने मित्रांना इतक्यांदा रंगवून सांगितला होता की आता त्यालाही तो एक विनोद वाटायचा. शेतकऱ्याला ट्रॅक्टर निम्म्या किमतीत, अशी योजना निघाली. एका दलालाने स्वतःचा जबडा दुखत असताना खुर्चीत बसल्या बसल्या ती समजावून सांगितली. जमीन नावावर पाहिजे, शेतीवाचून दुसरं उत्पन्न नाही असं शपथेवर लिहून द्यायचं, बाकी मी बघतो. 'हे सगळं खोटं आहे' असं तो म्हणाला होता, आणि दलाल हसला होता. "डॉक्टर, कवळी तरी कुठे खरी असते? चावता येतं ना, झालं." मग शेतात उभं राहून फोटो हवा होता. फोटो काढायला आलेला कारकून म्हणाला, बूट नकोत. त्याने बूट काढले, मोजे काढले. ढेकळं तळव्यांत अशी टोचली की तो एका पायावर नाचला. शर्ट फार पांढरा दिसतोय, कारकून म्हणाला. तेव्हा दादाने बांधावर उभ्या उभ्या आपल्या अंगातला शर्ट काढून दिला. तो शर्ट ओलसर होता आणि गरम होता. दादा उघडा, हाडकुळा, छातीला हात लावून उभा राहिला, आणि कारकून त्याला म्हणाला, "अहो, तुम्ही बाजूला व्हा, फोटोत येताय." सगळ्यांत जास्त हसू मित्रांना या वाक्याचं यायचं. आजही दाढ काढताना ते त्याला आठवलं होतं, पण हसू आलं नाही. शर्टाचा तो गरमपणा तेवढा खांद्यांवर आला आणि गेला.

दादाच्या ते लक्षात तरी असेल का? दादाचं मन म्हणजे उघडं पटांगण. कुणीही यावं, बसावं. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यालाच जास्त आनंद झाला होता. आपल्या भावाचा ट्रॅक्टर म्हणून त्याने तो गावभर मिरवला, लोकांच्या शेतात भाड्याने चालवला आणि भाड्याचा पैसा दर महिन्याला न चुकता शहरात पाठवला. स्वतःच्या रानात चालवला तेव्हाचंही भाडं पाठवायचा. डॉक्टरने एकदा, फार लाज वाटली म्हणून, म्हटलं होतं, "ते राहू दे रे." दादा म्हणाला, "असं कसं? वस्तू तुझी." पुन्हा त्याने म्हटलं नाही. भोळेपणाचीही त्याला किळसच होती. भोळा माणूस तुम्हाला काही न म्हणता तुमचा हिशेब मांडून ठेवतो, आणि ते त्याला माहीतही नसतं.

घरी बायकोला सांगितलं तर ती कपाटात साड्या लावत होती. हात थांबले नाहीत. "मग जा आणि सांग तुझा आहे म्हणून," ती म्हणाली. त्याने शपथपत्राचं सांगितलं. तेव्हा हात थांबले. "मग नको सांगूस," ती त्याच आवाजात म्हणाली. "त्यांना दुसरीकडून काहीतरी मिळेल. अशा लोकांसाठी खूप योजना असतात." दलालाला फोन केला तर तो आधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस करत बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, धान्याचं खातं वेगळं आणि शेतीचं वेगळं. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून तर आपलं चाललंय. तुम्ही त्या बाईसमोर तोंड उघडलंत की ती विचारणार, शहरातल्या डॉक्टरला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर कसा. अनुदान व्याजासकट परत, वर खोट्या शपथेचा खटला. बघा बुवा. आपलेच दात, आपलेच ओठ." फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, या माणसाचं सगळं तोंड उपटून हातात द्यावं. पण सल्ला पटला होता. जावं तर लागणार होतं. गेलो नाही तर वहिनी तिथे आपलं नाव घेणार, कागद मागवले जाणार. गेलं, की आपल्याला हवं ते आपण बोलू शकतो. हे त्याने स्वतःशी फार स्वच्छ शब्दांत मांडलं नाही. मंगळवारी पेशंट घेऊ नका, भावाकडे जायचंय, त्याची तब्येत बरी नाही, असं मदतनीस बाईला सांगितलं आणि हे सांगताना त्याला आपण एक चांगलं काम करायला निघालोय असंच वाटत होतं.

अंगणात ट्रॅक्टर भिंतीला समांतर उभा होता. घर त्याच्या मागे खुजं दिसत होतं. भिंत एका बाजूने पोट काढून बाहेर आली होती, तिला दोन वासे टेकवले होते. त्या सगळ्या पडझडीत ते लाल धूड असं चकचकीत पुसून ठेवलं होतं की कुठल्याही तपासनीसाची नजर दुसरीकडे जाणंच शक्य नव्हतं. दादा बाहेर आला नाही. आतल्या खोलीत उशांना टेकून बसला होता. झोपलं की धाप लागते म्हणून रात्रंदिवस बसूनच असतो, असं वहिनी म्हणाली. तिच्या गालाची सूज उतरली होती. दारातून त्याला दादाचे फक्त पाय दिसले, सुजलेले, चकाकणारे. आत जाऊन भेटावं म्हणून तो उंबऱ्यापाशी गेला आणि तेवढ्यात तपासनीस बाई आली म्हणून त्याची सुटका झाली.

ती थकलेली बाई होती, चपलेचा अंगठा तुटलेला, हातात सरकारी फोन. आजूबाजूचे चार लोक बघायला जमले. तिने फोनवर बोट सरकवत प्रश्न वाचले. फ्रिज? नाही. दुचाकी? नाही. पक्कं छप्पर? बघताय तुम्ही. "आणि ट्रॅक्टर तर दिसतोच आहे," ती म्हणाली. वहिनी म्हणाली, ट्रॅक्टर आमचा नाही. बाईने सुस्कारा टाकला. "ताई, या गावात आजपर्यंत मी एकही ट्रॅक्टर इथल्या माणसाचा पाहिला नाही. सगळे ट्रॅक्टर पाहुण्यांचे, सगळ्या मोटारसायकली मेव्हण्यांच्या. कागद आहेत?" वहिनी म्हणाली, "कागद त्यांच्याकडे. ते स्वतः आलेत." सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपले बूट फार चांगले आहेत.

"तुम्ही कोण?"

"भाऊ. चुलत."

"काय करता?"

"दातांचा डॉक्टर आहे. शहरात."

"हा ट्रॅक्टर तुमचा?"

आता तो काय बोलणार हे त्याला माहीत होतं, आणि तरी एक क्षणभर त्याला वाटलं की दुसराच कुणीतरी त्याच्या तोंडातून 'हो' म्हणेल आणि मग आपल्याला काही करावं लागणार नाही. आतून दादाचा खोकला ऐकू आला, लांबलेला, ओला. "नाही," तो म्हणाला. "दादाचाच आहे. माझा शेतीशी काही संबंध नाही." आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "ऑपरेशनच्या काळजीने वहिनी जरा गडबडून गेल्यात. त्यांचं मनावर घेऊ नका." बाईने फोन पुढे धरला. "हे या चार लोकांसमोर पुन्हा सांगा. आवाज नोंदवावा लागतो." त्याने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

वहिनी ओरडेल, रडेल, पदर तोंडाला लावेल, याची त्याने तयारी ठेवली होती. यांच्यात असंच असतं. ती काहीच करेना. तिने त्याच्याकडे एकदा खालून वरपर्यंत बघितलं, बाजारातली वस्तू घ्यायची नाही असं ठरल्यावर माणूस बघतं तसं. मग तपासनीस बाईला म्हणाली, "लिहा बाई. आमचाच आहे. पण नीट लिहा, कुणाचा आहे ते. मागाहून बदलायला नको." "लिहिलं," बाई म्हणाली. "आणि तुम्ही चौघांनी ऐकलंत," वहिनी जमलेल्या लोकांना म्हणाली. मग तिने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यासमोर धरला. "घ्या भाऊजी. उन्हातून आलात." तो प्यायला. परतीच्या गाडीत त्याला हलकं वाटत होतं. गरीब माणसाला अपमानाची सवय असते, तो फार दिवस लक्षात ठेवत नाही, हा आपला अनुभव पुन्हा खरा ठरला असं त्याला वाटलं. महिनाअखेरीस थोडे पैसे पाठवायचे, हेही त्याने ठरवलं. किती, ते ठरवलं नाही.

महिना संपला, भाडं आलं नाही. त्याने आणखी काही दिवस वाट बघितली. नंतर दादाच्या फोनवर फोन लावला तर वहिनीने उचलला. मागे गडबड होती, चाकांच्या खाटा ढकलल्यासारखा आवाज. ती म्हणाली, आम्ही शहरात आहोत, ह्यांचं ऑपरेशन झालं. त्याने विचारलं, कार्ड मिळालं का? नाही, ती म्हणाली. मग? "ट्रॅक्टर विकला." इतक्या सहज म्हणाली की त्याला अर्थ लागायला वेळ गेला. कागद त्याच्या कपाटात होते. कागदाशिवाय ट्रॅक्टर कोण घेतो? "अख्खा कुणी घेत नव्हतं," वहिनी म्हणाली. "सुटा करून विकला. इंजिन एकाने नेलं, चाकं एकाने. पत्रा भंगारात गेला." त्याच्या डोळ्यांपुढे ते लाल धूड दाढा काढलेल्या जबड्यासारखं उभं राहिलं. दलालाला फोन केला. दलाल इतका हसला की त्याला ठसका लागला. "कुठे तक्रार करणार डॉक्टर? तुमचा आवाजच सरकारजमा आहे."

तो तडक हॉस्पिटलमध्ये गेला. जिना चढताना त्याने बोलायची वाक्यं जुळवली. वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. त्याला बघून ती सरकली आणि जागा करून दिली. तो बसला नाही.

"तुम्हाला लाज नाही वाटली?" तो दबक्या आवाजात म्हणाला. आजूबाजूला लोक होते.

"वाटली की," वहिनी म्हणाली. "अंगणात. तुमची."

 ती पुढे म्हणाली, "ह्यांना यातलं काही माहीत नाही. त्या दिवशी आत होते, खोकल्यात काही ऐकू गेलं नाही. भावाच्या वस्तूला हात लावलेला त्यांना चालला नसता, मेले असते पण टेबलावर गेले नसते. मी सांगितलं, भाऊजींनीच विकायला लावला, दादापेक्षा ट्रॅक्टर मोठा आहे का म्हणाले." तिने वॉर्डाच्या दाराकडे हात केला. "आत जायचं तर जा. खरं सांगायचं तर तेही सांगा. टाके ओले आहेत अजून, एवढं बघून सांगा."

तो आत गेला तो खरं सांगायलाच, असं त्याला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. दादा खिडकीजवळ होता, आडवा झोपलेला. इतक्या महिन्यांनी पाठ टेकलेली. त्याला बघताच दादाने हात वर केला, त्यात सुई होती, नळी हलली. "आलास," तो म्हणाला. आवाज कागदासारखा. मग त्याने शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, त्याच्या मुलीला, पलीकडे नाडी बघणाऱ्या नर्सला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने धाप घेत घेत सांगितलं, "हा माझा भाऊ. याने ट्रॅक्टर विकला माझ्यासाठी." शेजारच्या माणसाची मुलगी उठून उभी राहिली आणि तिने त्याला आपलं स्टूल दिलं. नर्सने मान वळवून बघितलं. खाटेखाली दादाच्या चपला होत्या, खिडकीत औषधांच्या बाटल्या, आणि सगळ्या वॉर्डाचे डोळे त्याच्यावर होते. असे डोळे त्याच्यावर कधीच पडले नव्हते. दाढ दुखायची थांबल्यावर पेशंट बघतात तेसुद्धा असे बघत नाहीत. त्याने तोंड उघडलं.

"त्यात काय एवढं, दादा," तो म्हणाला.

दादाने त्याचा हात धरून ठेवला. हात गरम होता. तो सोडवून घेण्याइतका वेळ गेला तरी त्याने सोडवला नाही. बाहेर येताना वहिनीकडे बघायचं त्याने टाळलं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पिशवीतून डबा काढून एका बाजूने सावकाश जेवत होती.

पुढच्या रविवारी बॅडमिंटन झाल्यावर नेहमीचे सगळे बाकावर बसले होते. बिल्डर सरकारी कार्डांवर बोलत होता, कुणीही उठतं आणि फुकट ऑपरेशन करून घेतं म्हणत होता. तेव्हा डॉक्टर म्हणाला, असं नसतं रे सगळ्यांचं. माझ्या चुलतभावाचं बघ. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि सगळी हकीकत सांगितली. भावाचं कार्ड कसं अन्यायाने गेलं, तपासनीस बाई कशी उर्मट होती, कागदपत्रांत अडकण्यात काही अर्थ नव्हता, आणि शेवटी आपण एका फटक्यात ट्रॅक्टर कसा फुंकून टाकला. कस्टमच्या साहेबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. बिल्डर म्हणाला, हल्ली सख्खेही करत नाहीत एवढं. डॉक्टरने मान खाली घातली आणि म्हणाला, "रक्ताचं नातं आहे शेवटी." आणि हे म्हणताना त्याचा गळा खरोखरच दाटून आला.